कोणता कन्सोल सगळ्यात प्रभावी? आधी रिमोट उघडून बघ

डोंबिवलीहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने विचारलंय: "काका, कॉलेजात मला व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रभावी कन्सोलवर अर्धा तास बोलायचंय. शोधलं की विक्रीच्या याद्याच मिळतात. जो जास्त खपला तोच प्रभावी, असं धरायचं का? यातले निम्मे कन्सोल तर मुंबईत धड आलेच नाहीत, मग आपल्याकडचं त्यात काय सांगू? आणि वर्गात उघडून दाखवायला एखादं जुनं मशीन घ्यायचं तर कोणतं घेऊ?"

बाळा, लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने टॅक्सीवाल्यालाही पत्ता सांगता येत नाही) एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं टेबल आहे. सुरुवात टीव्ही दुरुस्तीपासून झाली, पण गेली पंचवीसएक वर्षं मुख्यतः गेमचीच मशीनं उघडतोय. त्यामुळे माझं उत्तर मशीनच्या आतून येईल.

आधी मोजमाप ठरवू. विक्रीवरून प्रभाव ठरत नाही. सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल जगभरात ९१ लाखांच्या आसपास खपला आणि कंपनीने कन्सोल बनवणंच सोडलं. तरी त्याने केलेल्या दोन-तीन गोष्टी आज प्रत्येक मशीनमध्ये आहेत. उलट, काही कोटींनी खपलेल्या मशीनांनी नवीन असं काहीच मागे ठेवलं नाही. मी एवढंच विचारतो: हे मशीन आल्यानंतर बाकीच्यांना कोणती गोष्ट करावीच लागली? जी गोष्ट शत्रू कंपनीनेही उचलली आणि आजतागायत काढली नाही, तोच प्रभाव.

हे वर्गात समजावायला सगळ्यात सोपं साधन म्हणजे रिमोट. (इंग्रजीत कंट्रोलर म्हणतात, पण आपल्याकडे तो रिमोट आणि कार्ट्रिज म्हणजे कॅसेट. मीही तेच शब्द वापरणार.) आजचा कुठलाही रिमोट हातात घे. डाव्या अंगठ्याखाली अधिकचं चिन्ह आहे ना, ते निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली डाँकी काँगच्या हातात धरायच्या गेमसाठी बसवलं आणि पुढच्या वर्षी निन्टेंडोच्याच फॅमिकॉम या कन्सोलच्या रिमोटवर आलं. त्याआधी बहुतेकांच्या हातात दांडा असायचा. उजवीकडची चौकटच्या आकारातली चार बटणं आणि वरच्या कडेची बोटांची बटणं १९९० च्या सुपर फॅमिकॉमची. सोनीने ती वरची बटणं दोनाची चार केली. अंगठ्याने फिरवायची काडी १९९६ च्या निन्टेंडो ६४ ने रुजवली, सोनीने १९९७ मध्ये तशा दोन बसवल्या. हातात रिमोट थरथरतो तेही १९९७ चंच: आधी निन्टेंडोने वेगळा डबा जोडायला दिला, मग सोनीने ड्युअलशॉक नावाच्या रिमोटमध्ये दोन मोटारी आतच टाकल्या. मागचे ट्रिगर जेवढे दाबाल तेवढाच वेग देतात, ते ड्रीमकास्टच्या रिमोटवर होते आणि तिथून एक्सबॉक्सने उचलले. म्हणजे आज पाच-सहा हजारांना मिळणारा रिमोट हा चाळीसेक वर्षांच्या थरांचा ढीग आहे. प्रत्येक थर वेगळ्या कन्सोलचा, तोही बहुधा प्रतिस्पर्ध्याचा.

त्यातल्या अधिकच्या बटणाशी जरा थांब. ते उघडलं की आत चार वेगळी बटणं नसतात, एकच प्लास्टिकचा तुकडा असतो. त्याच्या पोटाला मधोमध एक उंचवटा असतो, त्यावर तो तुकडा तराजूसारखा डुलतो. डावीकडे दाबलं की उजवी बाजू आपोआप वर उचलली जाते, त्यामुळे डावं-उजवं एकदम दाबलं जाऊच शकत नाही. खाली रबराची चकती, तिच्या चार टोकांना कार्बनचे काळे ठिपके. ठिपका बोर्डावरच्या नक्षीला टेकला की सर्किट पूर्ण. अंगठा न उचलता चारही दिशा, आणि डोळे टीव्हीवरच. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. पेटंट निन्टेंडोकडे असल्यामुळे इतरांनी आकार थोडा बदलला. सोनीच्या रिमोटवर वरून चार बाण सुटे दिसतात ते बघ. पण कल्पना तीच.

आता सुरुवातीकडे जाऊ. राल्फ बेअर या अमेरिकन इंजिनिअरच्या कामातून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स ओडिसी आला. घरात टीव्हीला जोडून खेळायचा पहिला विकाऊ कन्सोल हाच. त्यात प्रोसेसर नव्हता, आवाज नव्हता, गुणसुद्धा खेळणाऱ्यांनीच मोजायचे. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके हलत. मैदान हवं तर प्लास्टिकची रंगीत पारदर्शक शीट टीव्हीच्या काचेला चिकटवायची. पहिला म्हणून त्याचा मान आहेच. पण 'टीव्हीवर आपणही काही हलवू शकतो' हा विचार सोडला तर त्याचं पुढे फारसं काही राहिलं नाही.

त्यापेक्षा जास्त वेळ फेअरचाइल्डच्या चॅनल एफला दे, कारण त्याला बहुतेक लोक वगळतात. साल १९७६. ओडिसीमध्येही कार्डं घालायची होती, पण ती आतल्या तारांची जोडणी बदलणारी साधी कार्डं होती. चॅनल एफच्या कॅसेटमध्ये खराखुरा प्रोग्राम असलेली रॉम चिप होती. मूळ कल्पना अल्पेक्स या छोट्या कंपनीतल्या इंजिनिअरांची, ती बाजारात नेण्याजोगी करणाऱ्या चमूचे प्रमुख जेरी लॉसन. त्या काळात सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यातले ते एक. लॉसन यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. घरातलं लहान पोर चालू मशीनमध्ये कॅसेट घालणार, उपटणार, वाकडी खुपसणार. उघडी चिप हे सोसेल कशी? स्थिर विजेच्या एका ठिणगीने ती मरते. म्हणून जाड प्लास्टिकचा डबा, आत झडप, आणि शेकडो वेळा घालूनकाढून टिकेल असा कनेक्टर. 'मशीन एकदा घ्या, खेळ वेगळे घेत राहा' हा अख्खा धंदा त्या डब्यावर उभा राहिला. मशीन स्वतः फार खपलं नाही, कारण पुढच्याच वर्षी अटारी आला.

अटारी व्हीसीएस, पुढे ज्याला २६०० म्हणू लागले, तो सप्टेंबर १९७७ चा. यात रॅम, म्हणजे कामापुरती तात्पुरती मेमरी, किती? १२८ बाइट. तू आज मोबाइलवर मराठीत चाळीसेक अक्षरं टाइप केलीस की तेवढी जागा संपते. पूर्ण पडद्याचं चित्र साठवायला मेमरीच नव्हती. मग चित्र दिसायचं कसं? जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली येतो. अटारीच्या प्रोग्रामरला तो किरण ज्या ओळीवर आहे, त्या ओळीचं चित्र ऐनवेळी पुरवावं लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरच्या हातात त्याच्या घड्याळाचे फक्त ७६ ठोके. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर चित्र फाटलं. आपल्याकडे लोकल सुटायच्या बेतात असताना धावत डबा पकडतात तसंच, फरक इतकाच की इथे ती धावपळ दर ओळीला.

अटारीचा खरा प्रभाव मात्र माणसांमुळे पडला. खेळ बनवणाऱ्यांना ना श्रेय मिळे ना हिस्सा. १९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड हे प्रोग्रामर बाहेर पडले, जिम लेव्हींबरोबर अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच मशीनसाठी स्वतःच्या कॅसेट विकू लागले. मशीन एकाचं, खेळ दुसऱ्याचा, ही पद्धत तिथून सुरू झाली. पण मग कोणीही उठून कॅसेट काढायला लागला. दुकानं भिकार खेळांनी भरली आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा-भूमीत पुरला. लोकांना ती दंतकथा वाटायची, पण २०१४ मध्ये खणून कॅसेट बाहेर काढल्या.

तिकडे अमेरिकेत हे चालू असताना १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम विक्रीला आला. किंमत १४,८०० येन, आतली रचना मासायुकी उएमुरा यांची. माझ्या यादीत पहिला नंबर याचा. मी आणि माझ्या पिढीचे सगळे मुंबईकर याच मशीनवर वाढलो म्हणूनही असेल, पण कारणं तेवढीच नाहीत.

आपल्याला हे मशीन या नावाने कधी भेटलंच नाही. नव्वदच्या दशकात गिरगावात, लालबागला, दादरला घराघरात आला तो 'टीव्ही गेम' किंवा नुसता 'व्हिडिओ गेम'. खोक्यावर समुराई, मीडिया असली नावं, नाहीतर नावच नाही. कॅसेटवर '९९९९९ इन १' लिहिलेलं, आणि आत खरे खेळ पंधरा-वीस, बाकी तेच वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू होणारे. आमच्या चाळीत असा एक सेट होता. मे महिन्याच्या सुट्टीत त्या खोलीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. मारिओचे तीन जीव संपले की रिमोट पुढच्याला द्यायचा, हा नियम कोणी मोडला नाही. कॉन्ट्रा दोघांनी खेळायचा, आणि ज्याला 'वर वर खाली खाली'चा तीस जीवांचा कोड पाठ तो मजल्यावरचा राजा. पुढे या कामात पडल्यावर तसा सेट पहिल्यांदा उघडला तेव्हा कळलं की आत मुख्य चिपच्या जागी काळ्या लाखेचा एक गोळा आहे. फॅमिकॉममध्ये वेगवेगळ्या चिपांत होतं ते सगळं तैवान-चीनच्या कारखान्यांनी एका तुकड्यात आणलं होतं आणि वर इपॉक्सीचा थेंब टाकला होता. मूळ निर्माता कोण हेही माहीत नसताना अर्ध्या जगाने हे मशीन घरात घेतलं. निन्टेंडोच्या विक्रीच्या आकड्यात, सहा कोटी एकोणीस लाखांत, तुझ्या आईबाबांच्या पिढीचे हे सेट मोजलेलेच नाहीत. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मुंबईत कन्सोल आला नाही असं म्हणू नकोस, तो दुसऱ्या नावाने आला.

या मशीनमध्ये काय होतं? प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, कामाची रॅम २ किलोबाइट. खरी हुशारी कॅसेटमध्ये. कॅसेटमध्ये नुसता खेळ नसे, मशीनला जास्त मेमरी दाखवणारी वेगळी चिपही टाकता येई. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स ४० किलोबाइटचा, १९८८ चा तिसरा मारिओ ३८४ किलोबाइटचा, आणि मशीन तेच. झेल्डाच्या कॅसेटमध्ये तर नाण्याएवढा सेल होता, त्यामुळे खेळ बंद केला तरी तुझी प्रगती राहायची. मशीन जुनं न होता वाढत राहिलं.

रिमोटचं सर्किट तुझ्या वर्गाला नक्की आवडेल. आठ बटणं, पण मशीनकडे जाणाऱ्या तारा पाचच: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. आत ४०२१ नावाची साधी शिफ्ट रजिस्टर चिप असते. मशीन म्हणतं 'थांब', चिप आठही बटणांची स्थिती एका क्षणाला पकडते, मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण सांगते. तुमच्या डिजिटलच्या प्रयोगशाळेत जे शिकवतात तेच, खेळण्यात बसवलेलं.

आणि बंदूक. डक हंटची बंदूक गोळी 'सोडते' असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात ती बघते. नळीत भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा डायोड. घोडा दाबला की एक क्षण पडदा पूर्ण काळा होतो, पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला काळ्यानंतर पांढरं दिसलं म्हणजे नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन पाठोपाठ येतात, कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक ते कळतं. आजच्या एलसीडीवर ही बंदूक चालत नाही, कारण चित्र पडद्यावर यायला थोडा उशीर होतो आणि मशीन तोवर 'चुकला' म्हणून मोकळं झालेलं असतं. बंदूक खराब आहे म्हणून माझ्याकडे घेऊन येणाऱ्यांना मी जुन्या डब्बा टीव्हीवर लावून दाखवतो.

पण बाकीच्यांना जी गोष्ट करावीच लागली ती वेगळी. १९८५ मध्ये न्यूयॉर्कपासून हेच मशीन एनईएस नावाने अमेरिकेत उतरवताना निन्टेंडोने अटारीची गत डोळ्यासमोर ठेवली. मशीनमध्ये एक कुलूप-चिप आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं बोलणं जुळलं नाही तर मशीन पुन्हापुन्हा रिसेट होत राहतं. खेळ बनवायचा तर परवाना घ्या, कॅसेट निन्टेंडोकडूनच बनवून घ्या, वर्षाला पाचच खेळ काढा. कडक होतं, अन्यायकारकही होतं असं मला वाटतं. पण आज प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, मोबाइलवरचं अ‍ॅपचं दुकान, सगळीकडे फाटकावर मालक बसलेला असतो आणि आत येणाऱ्याकडून वाटा घेतो. ते फाटक इथे बांधलं गेलं. आपल्या टीव्ही गेमला हे कुलूप नव्हतं, कारण मूळ जपानी फॅमिकॉमलाच ते नव्हतं. म्हणून तर '९९९९९ इन १' शक्य झालं.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर मी फार रेंगाळणार नाही. मोटोरोलाची ६८००० चिप, यामाहाचा सुंदर आवाज, निन्टेंडोला अमेरिकेत दिलेली कडवी टक्कर, हे सगळं खरं. पण नंतरच्या मशीनांत त्याचं वेगळं काय उरलं हे शोधायला गेलं की हाती थोडंच लागतं. गेम बॉयचं तसं नाही. १९८९ मध्ये तो आला तेव्हा रंगीत पडदे उपलब्ध होते, तरी योकोईंनी मुद्दाम हिरवट-करडा, बिनप्रकाशाचा पडदा घेतला. स्वस्त, दणकट, आणि चार पेन्सिल सेलवर तासन् तास चालणारा. जुनं, मुरलेलं तंत्र नव्या कामाला लावायचं, हा त्यांचा विचार होता. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी सेल खाऊन खाऊन मेले. गेम बॉय, त्याच्या रंगीत भावासकट, ११ कोटी ८० लाखांच्या वर गेला. मुंबईत त्याची सावली म्हणजे ब्रिक गेम, लोकलमध्ये फेरीवाले विकायचे तो. टेट्रिस आपल्यातल्या बहुतेकांनी त्यावरच खेळला.

आता प्लेस्टेशन. निन्टेंडोच्या मशीनसाठी सीडी ड्राइव्ह बनवायचा सोनीचा करार होता. १९९१ मध्ये निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीतल्या केन कुतारागींनी मग स्वतःचंच मशीन उभं केलं, ते ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये आलं. सीडीवर सेगासह इतरही होतेच. प्लेस्टेशनने सीडीचं अर्थकारण बदललं. कॅसेटमधली रॉम चिप महाग, आधी मोठी ऑर्डर द्यायची, खेळ पडला तर माल अंगावर. सीडी छापायला अत्यल्प खर्च, खेळ चालला तर आणखी छापा. वर जागा ६५० मेगाबाइट, तर निन्टेंडो ६४ ची सगळ्यात मोठी कॅसेट ६४ मेगाबाइटची. म्हणूनच तोवर निन्टेंडोबरोबर असलेली फायनल फँटसी मालिका १९९७ चा सातवा भाग घेऊन सोनीकडे गेली, तोही तीन सीडींवर. छोट्या कंपन्यांना जुगार खेळणं परवडायला लागलं आणि खेळांत विविधता आली. प्लेस्टेशन दहा कोटींच्या पुढे जाणारा टीव्हीचा पहिला कन्सोल ठरला त्याचं मूळ यात आहे.

याच मशीनने लॅमिंग्टन रोडला एक नवा धंदा दिला, तो म्हणजे चिप मारणे. अस्सल सीडीच्या सुरुवातीच्या भागात खोबणीला मुद्दाम एक सूक्ष्म हेलकावा दिलेला असे आणि त्यात सोनीचा चार अक्षरांचा संकेत दडवलेला. सीडी बर्नर तो हेलकावा उमटवू शकत नाही, म्हणून नक्कल चालत नसे. मग कोणीतरी आठ पायांची छोटी मायक्रोकंट्रोलर चिप घेऊन तोच संकेत ती मशीनला सतत ऐकवत राहील असा प्रोग्राम लिहिला. चार-पाच तारांचं सोल्डरिंग, झालं काम. हे बेकायदा होतं आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तेव्हाच्या मुंबईत मध्यमवर्गीय घरात प्लेस्टेशन पोचला तो बहुतेक चिप मारूनच, हे लपवलं तर तुझा इतिहास अर्धवट राहील.

प्लेस्टेशन २ (२०००) सोळा कोटींवर खपला, आजवर सगळ्यात जास्त. प्रभावाच्या यादीत मात्र मी त्याला मोठ्या भावाच्या मागे ठेवतो. डीव्हीडी प्लेअर म्हणून तो घरात शिरला, बाबांना सिनेमा आणि पोरांना गेम अशी सोय झाली. भारतात तो जगाच्या तुलनेत फार उशिरापर्यंत चालला. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने त्याच्यासाठी हनुमानावर खेळ काढला, तो भारतात बनलेला पहिला प्लेस्टेशन २ चा खेळ. हे तुझ्या भाषणात जरूर घे.

ड्रीमकास्टचं सुरुवातीला म्हटलं होतं ते आता सांगतो. १९९८ च्या त्या मशीनमध्ये टेलिफोनचा मोडेम आतच बसवलेला होता. कन्सोलवरून जगातल्या अनोळखी माणसाबरोबर खेळायचं, ही गोष्ट त्याने घरी आणली. जानेवारी २००१ मध्ये सेगाने उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, आणि त्याच नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. त्यात मोडेमच्या जागी इथरनेट, आणि ८ जीबीची हार्ड डिस्क. वर्षभराने एक्सबॉक्स लाइव्ह: एक नाव, एक मित्रयादी, सगळ्या खेळांत तीच. एक्सबॉक्स जेमतेम अडीच कोटींच्या आसपास राहिला, तरी आज प्रत्येक कन्सोल त्याच आराखड्यावर चालतो. याची दुसरी बाजूही सांग. हार्ड डिस्क आणि इंटरनेट आल्यावर खेळ अर्धकच्चा विकून नंतर दुरुस्त करायची सवय कंपन्यांना लागली. कॅसेटच्या काळात चूक राहिली तर कायमची राहायची, म्हणून लोक जपून काम करत. मला त्या शिस्तीची फार किंमत वाटते.

निन्टेंडो वी (२००६) बद्दल एकच प्रयोग सांगतो, तू वर्गात करू शकतेस. टीव्हीवर ठेवायची त्याची 'सेन्सर बार' म्हणजे खरं तर सेन्सर नाहीच, ती फक्त दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असलेली पट्टी आहे. सेन्सर रिमोटच्या नाकात आहे, छोटा कॅमेरा. पट्टी काढून त्या जागी वीसेक सेंटिमीटर अंतरावर दोन मेणबत्त्या लाव, रिमोट तसाच चालेल, कारण ज्योतीतही इन्फ्रारेड असतो. आतली हालचाल ओळखणारी चिप आज तुझ्या मोबाइलमध्ये असते त्याच जातीची. हात हलवून खेळायची लाट ओसरली, पण आजी-आजोबांना खेळात ओढणारा हा पहिला कन्सोल होता. पार्ल्याच्या एका सत्तरीच्या आजी स्वतः रिमोट दुरुस्तीला घेऊन यायच्या, त्यांना बोलिंगमध्ये नातवाला हरवायचं असायचं.

२०१७ चा स्विच अजून आपल्या डोळ्यासमोर आहे, म्हणून थोडक्यात. हातातला आणि टीव्हीचा असे दोन वेगळे कन्सोल ठेवायची गरज त्याने संपवली. तो पंधरा कोटींच्या वर गेला आणि २०२२ मध्ये स्टीम डेकसारखे हातात धरायचे संगणकही त्याच आकारात आले. निन्टेंडोने तो भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, तरी माझ्या टेबलावर महिन्याला चार-पाच येतात, दुबई-सिंगापूरहून आलेले.

क्रम लावायलाच सांगशील तर माझा असा: फॅमिकॉम, प्लेस्टेशन, चॅनल एफ, एक्सबॉक्स. चॅनल एफ तिसरा का, असं कोणीतरी विचारेलच, तेव्हा लॉसन यांच्या झडपेची गोष्ट सांग.

उघडून दाखवायला जुना टीव्ही गेमच घे. चोरबाजारात, नाहीतर नातेवाइकांच्या माळ्यावर सापडेल. बंद असला तरी हरकत नाही, आतला काळा गोळा, साठ खाचांचा कॅसेटचा कनेक्टर आणि रिमोटमधलं रबर दाखवायला तो पुरे. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नकोस. आम्ही सगळे मारायचो, पण तोंडातल्या ओलाव्याने तांब्याला हिरवा गंज चढतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर तो लगेच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन संपर्काच्या सोनेरी पट्ट्या पुसायच्या, काडी काळी निघायची थांबेपर्यंत, आणि पाच मिनिटं वाळू द्यायच्या.

कोणी अमेरिका-जपानहून आणलेला अस्सल कन्सोल देऊ केला तर मात्र प्लगला हात लावण्याआधी मागचं लेबल वाच. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या संध्याकाळी गोरेगावचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. मामाने आणलेलं नवंकोरं मशीन थेट भिंतीच्या बोर्डाला लावलेलं, एकदाच 'फट्' झालं आणि घरभर जळका वास. लेबलवर १२० व्होल्ट लिहिलं होतं, आपल्याकडे २३०. फ्यूज, पुढचा मोठा कपॅसिटर आणि दोन डायोड बदलून ते वाचलं, पण मुलगा चार दिवस रडत होता. लेबलवर '१००–२४०' असेल तर बिनधास्त लाव. '१००' किंवा '१२०' एवढंच असेल तर आधी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घे, लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. लेबलच खरवडलेलं असेल तर भाषणाआधी एखाद्या शनिवारी मशीन घेऊन माझ्या टेबलाशी ये, उघडून बघू.